वारीतल्या प्लेअरची बॅटरी दरवर्षी का मरते? (आणि कपाटातल्या आयपॉडचं काय करू?)

निळी_छत्री

नमस्कार मंडळी,

माझी आई गेली सहा वर्षं माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत जाते. तिच्या पिशवीत एक छोटा प्लेअर असतो, एफएम आणि मेमरी कार्डवाला, साबणाच्या वडीपेक्षा जरासा मोठा. कार्डात हरिपाठ आहे, काकडआरती आहे आणि बाबांच्या आवाजात रेकॉर्ड केलेली अकरा भजनं आहेत. दिवसभर दिंडीत टाळ-मृदंग चालूच असतात, तेव्हा प्लेअरची गरज नसते. तो लागतो मुक्कामाला, रात्री तंबूत पायांना तेल चोळत बसल्यावर.

आत बीएल-५सी बॅटरी आहे, जुन्या नोकियात यायची तीच चपटी. दरवर्षी ज्येष्ठात ट्रंकेतून प्लेअर काढावा तर ढिम्म. रात्रभर चार्जिंगला लावला तरी जेमतेम अर्धा तास वाजतो. दोनदा नवी बॅटरी घातली. या वेळी तर मागचं झाकणच बसेना. बॅटरी काढून टेबलावर ठेवली आणि टोकाला टिचकी मारली, तर भोवऱ्यासारखी गिरकी घेते, इतकी पोटाला फुगली आहे.

आमच्या घरात बाबांचा एक नियम होता, वॉकमनच्या दिवसांपासूनचा: बॅटरी पुरती उतरल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. आई तो अजून पाळते. वारीहून आली की प्लेअर आपोआप बंद पडेपर्यंत वाजवते, मग मऊ फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवते. इतकं जपूनही असं का होतं?

शिवाय माझा आयपॉड क्लासिक नऊ-दहा वर्षं कपाटात पडून आहे, तोही पुन्हा सुरू करायचा आहे. प्रस्थानाला सोळा दिवस उरलेत. जाणकारांनी सांगावं.

सोल्डरगन

ताई, आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. ती फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नका, दाबून झाकण बसवू नका, टोचून हवा काढायला तर मुळीच जाऊ नका. तिच्या पितळी टोकांवर चिकटपट्टी लावा, मातीच्या कुंडीत कोरड्या वाळूवर ठेवा आणि कुंडी गॅलरीत सावलीला ठेवा. आत विद्रावक तुटून तयार झालेला वायू आहे आणि तो पेट घेणारा आहे.

आता कारण. मी वीस वर्षं रेडिओ-मोबाईल दुरुस्त करतोय. तुमच्या आईंसारखी जपणूक करणाऱ्यांच्याच बॅटऱ्या माझ्या टेबलावर जास्त येतात. वारीतल्या अठरा-वीस दिवसांनी बॅटरी मरत नाही. ती मरते ट्रंकेतल्या अकरा महिन्यांत.

ही बॅटरी लिथियम-आयनची. भरल्यावर ४.२ व्होल्ट, सरासरी ३.७. प्लेअर आपोआप बंद पडतो तेव्हा ती तीन-सव्वातीनवर आलेली असते, म्हणजे तळाला घोटभर उरलेलं असतं. तशीच ट्रंकेत गेली की प्लेअरचं सर्किट बंद असतानाही थेंबथेंब पीत राहतं, सेल स्वतःही हळूहळू उतरतो. अडीचच्याही बरंच खाली गेल्यावर आतल्या ॲनोडचा (ऋण बाजूचा) तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. पुढच्या ज्येष्ठात तुम्ही चार्ज करता तेव्हा तेच तांबं भलत्या जागी जाऊन बसतं. मग आत बारीक शॉर्ट होतात, सेल तापतो, फुगतो.

म्हणून वारीहून आल्यावर बॅटरी रिकामी करून नव्हे, अर्धी भरून ठेवायची. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) असेल तर ३.८ व्होल्टच्या आसपास. नसेल तर पूर्ण भरा आणि एरवी जितके तास वाजतो त्याच्या निम्मे तास वाजवा. मग बॅटरी प्लेअरमधून काढूनच ठेवा. तुमची निघते, हे भाग्य समजा. हल्ली सगळ्यांच्याच निघत नाहीत.

कॅसेटवाला

सोल्डरगन यांच्याशी पूर्ण सहमत. पण ताईंच्या वडिलांच्या बाजूनेही दोन शब्द लिहितो, कारण त्यांचा नियम त्या काळात अगदी बरोबर होता.

पहिला वॉकमन १ जुलै १९७९ ला जपानात विक्रीला आला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. साधे सेल महाग पडायचे, म्हणून पुढे रिचार्जेबल घेतले जायचे आणि ते असायचे निकेल-कॅडमियमचे. त्यांना खोड होती. रोज अर्धेच वापरून पुन्हा भरले की काही दिवसांनी ते अर्ध्यावरच व्होल्टेज टाकायचे, जणू तेवढंच त्यांच्या लक्षात राहिलंय. पूर्ण उतरवून भरले की पुष्कळदा ताळ्यावर यायचे. आमच्या पिढीने तो नियम पाठ केला, तो असा.

मग निकेल-मेटल हायड्राइड आले, त्यांच्यात ही खोड फारच कमी. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बाजारात आणली आणि रसायन पार बदललं. लिथियमला ती स्मृती नाहीच. उलट तळ गाठणं हेच तिला जाचतं. बॅटरी बदलली, नियम मात्र घरोघरी तोच राहिला.

माझ्याकडे अजून एक वॉकमन चालू आहे, च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या चपट्या बॅटरीचा. १.२ व्होल्ट, १४०० एमएएच (म्हणजे बॅटरीत किती मावतं त्याचं माप). ज्यांच्याकडे पेन्सिल सेलवाले वॉकमन किंवा जुने एमपी३ प्लेअर असतील त्यांच्यासाठी अनुभवाचे बोल:

जुने मेटल हायड्राइड सेल नुसते ठेवले तरी महिन्याभरात बरेच उतरायचे. सान्योने २००५ मध्ये एनेलूप आणले, ते महिनोन्‌महिने भरलेले राहतात. आता तशाच प्रकारचे इतरही मिळतात. क्वचित वाजणाऱ्या यंत्रात तेच घाला. चार्जर प्रत्येक सेलवर वेगळी नजर ठेवणारा घ्या. दोन सेल एकाच दिव्यावर भरणारा स्वस्त चार्जर कमजोर सेलला बिघडवतोच. जोडी फोडू नका, मी सेलवर मार्करने अ-अ, ब-ब लिहून ठेवतो. आणि एक इशारा: पेन्सिल सेलच्याच मापाची ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरीही मिळते. तसल्या दोन वॉकमनमध्ये घातल्या की तीनऐवजी सात व्होल्टच्या वर जातात. माझ्या एका स्नेह्याची मोटर त्यातच जळाली.

संत्रानगरी

ट्रंक कुठं ठेवता ते पण पहा. आम्ही नागपूरचे, आमच्याकडं मे महिन्यात ४५ जाते. माझा प्लेअर टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर होता, फुल चार्ज करून ठेवलेला. माझं वाटणं असं होतं की भरून ठेवला म्हणजे चांगलं. दोन उन्हाळ्यांत बॅटरी निम्मी झाली.

नंतर शोधलं तेव्हा एक आकडेवारी सगळीकडं दिसली, ती सांगतो. वर्षभर न वापरता ठेवलेली लिथियम बॅटरी २५ अंशांत पूर्ण भरलेली असेल तर क्षमता साधारण ८० टक्के उरते, ४० टक्केच भरलेली असेल तर ९६. तेच ४० अंशांत ६५ आणि ८५. म्हणजे गरमी आणि फुल चार्ज दोन्ही एकत्र आले की वाट लागते.

कारच्या डॅशबोर्डवर प्लेअर ठेवणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवा. आणि फ्रीजमध्ये ठेवली तर चालते काय?

सोल्डरगन

@संत्रानगरी, हवाबंद डब्यात घालून खालच्या कप्प्यात ठेवली तर चालते, पण बाहेर काढल्यावर डबा न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा लागतो, नाहीतर पाणी धरतं. आपल्या घरात रोज दहा वेळा फ्रीज उघडतो, मला हा उद्योग पसंत नाही. माळ्याऐवजी जमिनीलगतचं कपाट, भिंत उन्हाची नको, एवढं पुष्कळ झालं. फ्रीझरमध्ये मात्र कधीच नको.

झटपट

ताई, नवी घ्यायच्या आधी मोबाईलवाल्याकडे जाऊन बूस्टर (बॅटरीला वीज देऊन उठवायचं यंत्र) मारून बघा. माझ्या भावाच्या प्लेअरची मेलेली बॅटरी दहा मिनिटांत उठली. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीच्या वायरी टेकवूनही होतं म्हणतात.

सोल्डरगन

झटपट, तुम्ही मदतीच्याच भावनेने सांगताय, पण इथे मला स्पष्ट नाही म्हणायला हवं. बूस्टर माझ्याही दुकानात आहे. बॅटरीच्या आत एक चिमुकली संरक्षक पट्टी असते, ती साधारण अडीच-तीन व्होल्टच्या दरम्यान सेल तोडते. नुकतीच तुटली असेल, आठवडा-दोन आठवड्यांची गोष्ट असेल, तर हलक्या करंटने ती जागी होते. भावाचं तसंच झालं असणार. पण महिनोन्‌महिने एक-दीड व्होल्टवर पडलेला सेल उठवणं म्हणजे आत वाढलेल्या तांब्याच्या काट्यांना वीज देणं. तो उठतो, चार दिवस वाजतो आणि एखाद्या रात्री उशाशी तापतो. फुगलेल्याला तर हातच लावायचा नाही. नऊ व्होल्टच्या वायरी टेकवणं हा जिवाशी खेळ आहे, कृपया कुणी करू नका.

निळी_छत्री

सगळ्यांचे मनापासून आभार. बॅटरी कुंडीत गेली. आईला सांगितलं तर ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "म्हणजे मीच दरवर्षी उपाशी ठेवत होते की तिला." तिला वाईट वाटलं, पण पटलं.

आता नवीन घेताना काय बघू? बाजारात याच मापाची एक २४०० एमएएच लिहिलेली दिसली, एक १८०० ची आणि एक १०२० ची. २४०० वाली सर्वांत स्वस्त! आणि रात्रभर चार्जिंगला ठेवायची की नाही?

सोल्डरगन

१०२० वाली घ्या. नोकियाच्या बीएल-५सीवर पूर्वी ८५०, ९७० असे आकडे यायचे, शेवटी १०२० झाला. काडेपेटीएवढ्या आणि साडेपाच मिलिमीटर जाडीच्या जागेत २४०० मावतच नाहीत. ज्याने आकडा खोटा छापला त्याने आत संरक्षक पट्टी तरी घातली असेल का, हा माझा प्रश्न असतो. हातात घेऊन बघा, बनावट बॅटरी बहुतेकदा हलकी लागते. पाकिटावरची उत्पादनाची तारीखही बघा. तीन वर्षं दुकानात पडलेली "नवी" बॅटरी नवी नसते.

नामवंत कंपनीच्या मालातही चूक होऊ शकते. २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकियाने याच बीएल-५सीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल, चार्जिंगच्या वेळी तापू शकतात म्हणून, सूचना काढली होती. जाणत्या कारखान्यात जर हे घडतं तर बिननावाच्या मालाबद्दल किती सावध राहायला हवं बघा.

रात्रभर चार्जिंगबद्दल: चांगल्या प्लेअरमध्ये चार्जिंगची चिप असते. ती आधी ठरावीक करंट देते, ४.२ व्होल्ट झाले की करंट कमी कमी करत नेते आणि शेवटी तोडते. अशा प्लेअरला रात्रभर ठेवलं तरी अनर्थ होत नाही, पण सकाळपर्यंत बॅटरी काठोकाठ भरलेली राहते, ते तिला फारसं मानवत नाही. मी उघडलेल्या दोन स्वस्त खोक्यांत मात्र चिपच नव्हती. यूएसबीचे पाच व्होल्ट एका डायोडमधून थेट बॅटरीला. तिथे तोडणारं कुणीच नाही. तुमचा प्लेअर कुठल्या जातीचा ते ओळखायला सोपी खूण: नवी बॅटरी घालून पूर्ण भरा, दिवा बदलल्यावर (किंवा चार तासांनी) बॅटरी काढून मल्टिमीटर लावा. ४.२ च्या आत असेल तर निर्धास्त. ४.३ दिसलं तर तो प्लेअर रात्री चार्जिंगला लावायचा नाही, आणि खरं म्हणजे वापरायचाच नाही.

हाताने करणाऱ्यांसाठी: टीपी४०५६ या चार्जिंग चिपची पट्टी अगदी किरकोळ किमतीत मिळते. तिच्यावर १२२ लिहिलेला तिळाएवढा रेझिस्टर असतो, त्यावर ती एक अँपिअर देते. बीएल-५सीला एवढा रेटा नको. तो काढून २०२ चा लावा, करंट ५८० मिलिअँपिअरवर येतो. दोन-सव्वादोन तासांत भरते आणि हाताला गरम लागत नाही. मी चिमट्याने तीळ धरून आईवडिलांच्या वयाच्या कित्येकांचे प्लेअर असे करून दिलेत, त्यातले बरेच अजून वाजतात.

मुक्काम_फलटण

राम कृष्ण हरी. आमच्या वाड्यात पालखीच्या मुक्कामाला आम्ही वारकऱ्यांसाठी चार्जिंगचं टेबल लावतो. बारा वर्षांत जे बघितलं ते लिहितो, निळी_छत्री ताईंच्या आईंना उपयोग होईल.

पहिलं, ओल. दिवे घाटात, नाहीतर पुढे कुठेतरी पाऊस गाठतोच. प्लेअर भिजला की माणसं मुक्कामाला येऊन लगेच पिन खुपसतात. ओल्या भोकात वीज गेली की पितळ हिरवं पडतं, दुसऱ्या दिवशी चार्जच होत नाही. आम्ही टेबलावर सुती पंचा ठेवतो. आधी प्लेअर पुसायचा, बॅटरी काढायची, भोक खाली करून झटकायचं, तासभर पंख्यासमोर. मगच पिन.

दुसरं, टोकं. दहातल्या तीन "मेलेल्या" बॅटऱ्या मेलेल्या नसतात. घाम आणि दमटपणाने टोकांवर काळपट थर बसलेला असतो. पेन्सिलीच्या खोडरबराने हलक्या हाताने घासलं की लख्ख होतं आणि प्लेअर बोलायला लागतो. एका आजींचा असा सुरू झाला तेव्हा त्यांनी आधी मशीनला हात जोडले, मग आम्हाला.

तिसरं, पॉवरबँक. बऱ्याच पॉवरबँका करंट फार कमी झाला की "काही जोडलेलं नाही" असं समजून बंद होतात. छोटा प्लेअर शेवटी शेवटी अगदी थोडा करंट ओढतो. त्यामुळे पॉवरबँकवर तो काठोकाठ भरत नाही. बॅटरीच्या दृष्टीने ते बरंच आहे, घाबरायचं कारण नाही.

चौथं, नवीन टाइप-सी भोकाचे प्लेअर. काही स्वस्त प्लेअर दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या वायरीवर चार्जच होत नाहीत, कारण आत दोन छोटे रेझिस्टर घालायचं राहिलेलं असतं. लोकांना वाटतं प्लेअर गेला. जुन्या चपट्या यूएसबीची वायर लावली की चालू.

आईंना एकच सांगा, एक जादा बीएल-५सी भरून बरोबर ठेवा, पण प्लास्टिकच्या डबीत. पिशवीत किल्ल्या आणि सुट्या पैशांत टाकली की टोकं जुळून पिशवी पेटू शकते.

पावसाळी

वाखुसा (वाचनखूण साठवली). फक्त एक: ६५ वॅटच्या लॅपटॉप चार्जरवर छोटा प्लेअर लावला तर जळतो का?

सोल्डरगन

नाही. यंत्र लागेल तेवढाच करंट ओढतं, आणि यंत्राने मागितल्याशिवाय असा चार्जर पाचच्या वर व्होल्टेज देत नाही. चार्जर मात्र चांगल्या प्रतीचा असावा.

बर्फातला_मराठी

मिनेसोटाहून. आयपॉडबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी माझे दोन क्लासिक स्वतः उघडले आहेत.

निळी_छत्री, आधी आयपॉड सपाट टेबलावर ठेवा. पडद्यावर आतून दाब आल्यासारखा डाग दिसतो का, पाठ डुगडुगते का बघा. तसं असेल तर चार्जिंगला लावू नका. नसेल तर ३० पिनची वायर लावून अर्धा-पाऊण तास वाट बघा. इतकी वर्षं पडून असेल तर लगेच काहीच दिसत नाही.

सुरू झाला तरी बॅटरी थकलेलीच असणार. ॲपलचं स्वतःचं गणित असं होतं की ४०० पूर्ण चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राहावी. (चक्र म्हणजे एकूण शंभर टक्के वापर. आज निम्मी, उद्या निम्मी वापरली तर दोन्ही दिवस मिळून एक.) क्लासिक २०१४ मध्ये बंद झाला, २०२२ च्या मे मध्ये आयपॉडच संपला, त्यामुळे बॅटरी आता इतर उत्पादकांचीच घ्यावी लागते.

उघडताना सगळा खेळ पहिल्या दोन बोटभर अंतराचा आहे. स्टीलची पाठ आतल्या खटक्यांनी घट्ट बसलेली असते. पातळ पाती फटीत घालून हळूहळू फिरवा. सुटली म्हणून आनंदाने पुस्तकासारखी झटकन उघडू नका! पाठीला बॅटरी चिकटलेली असते आणि तिची कागदासारखी पट्टी मुख्य बोर्डाला जोडलेली असते. हेडफोनची दुसरी पट्टीही तिथेच. बॅटरीच्या पट्टीचा खटका नखाने उचलायचा, पट्टी ओढायची नाही. माझ्या पहिल्या आयपॉडची मी ओढली आणि तो तिथेच संपला. हात बसलेला नसेल तर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा. उघडतोच आहात तर हार्ड डिस्कऐवजी मेमरी कार्डाचा ॲडॉप्टर बसवता येतो. फिरणारी तबकडी गेली की तीच बॅटरी जास्त वेळ पुरते.

थंडीतल्या मंडळींसाठी: शून्याखाली प्लेअर वाजवला तर नुसता लवकर उतरतो, घरात आल्यावर पुन्हा सावरतो. पण गोठलेला प्लेअर आल्या आल्या चार्जिंगला लावू नका. थंडीत चार्ज केलं की लिथियम धातू होऊन ॲनोडवर बसतं, ते परत निघत नाही. जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा, घरी आल्यावर तासभर थांबा.

कॅसेटवाला

अवांतर, पण माझ्या मते सर्वांत आधी करायचं काम. ताई, त्या मेमरी कार्डाची प्रत काढली आहे का? बॅटरी शंभर मिळतील, वडिलांची अकरा भजनं नाही.

आणि ती कुंडीतली बॅटरी घंटागाडीत देऊ नका. गाडीत कचरा दाबला जातो, तिथेच ती पेटते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तुमच्या भागात ई-कचरा संकलन केंद्र असेल तिथे द्या, देताना "फुगलेली आहे" असं तोंडाने सांगा.

निळी_छत्री

अपडेट देते.

कॅसेटवाला काका, तुमचा प्रतिसाद वाचला आणि त्याच रात्री कार्ड लॅपटॉपला लावलं. प्रत नव्हती. आता तीन आहेत, एक भावाकडे आहे. एका भजनाच्या शेवटी बाबा "झालं का गं रेकॉर्ड?" असं विचारतात, ते मी आजवर ऐकलंच नव्हतं.

१०२० च्या दोन बॅटऱ्या आणल्या. पूर्ण भरल्यावर मल्टिमीटरवर ४.१८ आणि ४.१९, म्हणजे आमच्या प्लेअरमध्ये चिप आहे. साडेसात तास वाजला. जादा बॅटरी कुंकवाच्या रिकाम्या डबीत बसली, अगदी मापाने केल्यासारखी. खोडरबर आईने स्वतःहून पिशवीत टाकलं. फुगलेली बॅटरी केंद्रावर दिली, तिथल्या मुलाने ती वेगळ्या डब्यात ठेवली. आयपॉडचा पडदा डागाळलेला आहे, म्हणून चार्ज न करता तपकीर गल्लीत नेणार आहे.

परत आल्यावर अर्धी भरून ठेवायची हे ठरलं. पण अकरा महिन्यांत मध्ये बघायची कधी, ते आईनेच ठरवलं. म्हणाली, आषाढीनंतर कार्तिकी, मग माघी, मग चैत्री. वर्षाच्या चार वाऱ्या आहेतच की, त्या एकादशीला फराळ झाला की बॅटरी मोजायची आणि कमी असेल तर अर्ध्यापर्यंत भरायची. दोन, तीन, फार तर चार महिन्यांचं अंतर पडतं. सोल्डरगन दादा, एवढ्या अंतराने चालेल ना?

सोल्डरगन

चालेल. ३.७ च्या खाली दिसली तरच भरा, नाहीतर तशीच ठेवा. आईंना माझा नमस्कार सांगा.

मुक्काम_फलटण

आणि फलटणला आल्या की वाड्यात यायला सांगा. टेबल विमानतळ मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला असतं, पंचा आहे, पंखा आहे, चहा आहे.